प्रक्षिप्त

गणेशचतुर्थीला आम्ही पाटांवर बसून मोदकांची वाट पाहत होतो. आई नातवाला गोष्ट सांगत होती. महाभारत सांगितलं व्यासांनी, लिहिलं गणपतीनं. लेखणी थांबता कामा नये ही गणपतीची अट. अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही ही व्यासांची. (ही दुसरी अट आमच्या बँकेत लागू केली तर एक पत्र बाहेर पडायचं नाही!) तेवढ्यात मेहुणे म्हणाले, "ते सगळं प्रक्षिप्त आहे."

आईचा चेहरा उतरला. आणि पंचाईत अशी, की मेहुण्यांचं खरं होतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम घेतलं, बाराशेवर हस्तलिखितं ताडून पाहिली, १९६६ साली ते तडीस नेलं. त्यात ही गोष्ट मूळ पाठातून परिशिष्टात गेली. गणपतीला कारकुनीवरून काढलं, तेही पुण्यात!

पण माझी तक्रार विद्वानांविरुद्ध नाही. निवड करायलाच हवी. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तेव्हा तिच्यात पदरची ओवी घालणाऱ्याला त्यांनीही अमृताच्या ताटातल्या करवंटीची उपमा देऊन बजावलं होतं. तक्रार आहे ती आपल्या बोलण्याविषयी. 'क्षिप्' म्हणजे फेकणे. प्रक्षिप्त म्हणजे मागाहून आत टाकलेलं. आपण मात्र तो शब्द 'बाहेर टाकण्याजोगं' अशा अर्थानं वापरतो. शब्द वयाचा, आपण तो लायकीला लावतो.

बँकेत धनी न सापडलेली रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात ठेवतो. ती खोटी आहे असं कुणी म्हणत नाही, आणि खिडकीतून फेकून तर मुळीच देत नाही. भांडारकरांच्या पंडितांनीही तेच केलं. गाळलेला मजकूर तळटिपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या आयांनी काय सांगितलं, तेही त्यात आलं. ही सस्पेन्स खाती मेहुण्यांनी उघडून पाहिलेली नसावीत.

"प्रक्षिप्त म्हणजे काय रे?" आईनं मला विचारलं.

"मागाहून आत टाकलेलं."

"एवढंच ना? मग मोदकातलं सारण काय उकडीत उगवतं?"

मेहुण्यांनी पाच मोदक खाल्ले. सारणासकट.