कानाडोळा

वीस वर्षं बँकेत बसून लोकांच्या सह्या ताडून पाहणाऱ्या माणसाला फोटोतलं काय कळतं, हा प्रश्न पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघरातून आला. प्रश्न रास्त होता. पेणच्या काही हौशी छायाचित्रकारांनी भरवलेल्या स्पर्धेला मी परीक्षक म्हणून गेलो तो माझ्या योग्यतेमुळे नव्हे; ठरलेले तिसरे परीक्षक ऐन वेळी आजारी पडले म्हणून. बी. कॉम. झालेला माणूस निदान गुणांची बेरीज तरी बरोबर करील, असा आयोजकांचा हिशोब असावा. तो खरा ठरला. बेरीज बरोबर आली. चूक झाली ती बेरजेच्या आधी.

स्पर्धेचा प्रकार असा. सगळ्यांना मिळून एकच शब्द द्यायचा, मुदत एक महिना, आणि पेण ते रोहा या चाळीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात त्या शब्दावर फोटो काढायचा. घरातली वस्तू चालेल, पशुपक्षी चालतील, आगगाडी चालेल, डोंगर-खाडी चालेल. शब्द होता 'डोळा'. कल्पना ऐकायला नवीन वाटते, पण आहे जुनीच. आपल्याकडे राजेलोक दरबारात एक चरण टाकायचे आणि कवींनी उरलेला श्लोक रचायचा. समस्यापूर्ती म्हणत त्याला. फरक एवढाच, की कवीला तो चरण शेवटी जसाच्या तसा बसवावा लागे, चुकवायची सोय नव्हती. फोटोवाल्याचं तसं नाही. फोटोत शब्द येतच नाही, वस्तू येते. मग शब्द ठेवायचा कुठं?

बहुतेकांनी ही अडचण सरळ मार्गानं सोडवली. ज्याला डोळा आहे त्याचा फोटो काढला. म्हैस, बैल, मांजर, बोंबील आणि नातू. नातवांची संख्या सर्वांत जास्त होती. वाउचरवर 'रक्कम' लिहिलंय ना, मग लिही तिथं रक्कम, इतका तो सरळ व्यवहार. यातलाच सर्वांत देखणा फोटो पिंगळ्याचा. झाडाच्या ढोलीतून बाहेर आलेलं तोंड आणि दोन पिवळेधमक डोळे. इतके स्वच्छ, की बुबुळात फोटोग्राफर उभा असलेला दिसावा. पहिलं बक्षीस यालाच मिळालं. मीही दहापैकी नऊ दिले. आता वाटतं, त्यांतले निदान पाच मी लेन्सला दिले. त्या फोटोत पिंगळा आपल्याकडे बघतो, आपण पिंगळ्याकडे बघतो, आणि दोघांनाही पुढं काही सुचत नाही.

दुसरा वर्ग कोशातून आलेला. कोणी बटाट्याचा डोळा आणला, कोणी मोरपिसाचा. एका शाळकरी मुलानं सोललेल्या नारळाचा फोटो दिला होता. तीन डोळे, त्यांतल्या एकातून नुकताच बाहेर आलेला कोंब. हा मला मनापासून आवडला. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एकच मऊ असतो आणि कोंब त्यातूनच येतो, हे पोराला ठाऊक होतं. डोळा म्हणजे नुसतं भोक नव्हे, तिथून काहीतरी बाहेर बघतं, हे त्यानं आम्हां तिघा परीक्षकांच्या आधी ओळखलं होतं.

याउलट एका गृहस्थांनी सुईत दोरा ओवतानाचा फोटो लावून खाली लिहिलं होतं, 'सुईचा डोळा'. इथं माझ्यातला मराठी माणूस जागा झाला. आपल्या सुईला डोळा नसतो हो! आपल्या सुईला नेढं असतं, फार तर नाक असतं. सुईला डोळा लावला तो इंग्रजांनी. आपलं नेढं सुईपासून निघतं ते थेट राजगडाच्या माचीला जाऊन भिडतं. सुईतूनही आरपार दिसतं आणि डोंगरातूनही. एवढी श्रीमंती घरात असताना उसनवारी कशाला? मी दोन गुण दिले. हा निर्णय मात्र मी आजही बदलणार नाही.

फोटोखालच्या मथळ्यांबद्दलही एकदा बोललं पाहिजे. आमचे रोह्याचे चिंतामणराव देशमुख १९४३ ते १९४९ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांच्या काळातल्या नोटेवर चित्र असे इंग्लंडच्या राजाचं आणि सही रोह्याच्या माणसाची. राजा कितीही राजबिंडा असो, नोटेवरचं वचन पुरं करायची जबाबदारी सहीवाल्याची. फोटोखालचा मथळाही मला तसाच वाटतो. ज्यांचं चित्र लुळं होतं त्यांनी मथळे मात्र राजासारखे दिले होते. 'निसर्गाचा अथांग नेत्र' असं लिहिलेल्या फोटोत डबकं होतं.

नागोठण्याच्या जुन्या पुलाला मात्र मथळ्याची गरज नव्हती. अंबा नदीवरचा हा दगडी पूल सोळाव्या शतकातला सांगतात. स्थिर पाण्यात कमान उलटी पडते, वरची अर्धी आणि खालची अर्धी मिळून पुरा डोळा होतो, आणि मधून जाणारी होडी म्हणजे बुबुळ. छान. फक्त फोटोग्राफर होडी बरोबर मधोमध येण्याची वाट बघत किती वेळ उभा राहिला असेल, हेच डोळ्यांपुढं येत राहतं. कष्ट चित्राच्या आड राहायला हवेत, ते पुढं येऊन नमस्कार करीत होते.

दुसरं बक्षीस एका गाडीच्या फोटोला मिळालं, आणि ते योग्यच होतं. आगगाडी म्हटल्यावर बाकीच्यांनी रोह्याच्या फलाटावर उभं राहून इंजिनाचा दिवा टिपला. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते, तेव्हा इंजिनांना तोटा नाही. या एकानं मात्र रोह्याच्या मेमूत बसून फोटो काढला. कासूच्या अलीकडं गाडी थांबलेली, खिडकीशी एक माणूस जेवणाच्या डब्यावर मान टाकून झोपलेला, आणि खिडकीबाहेर लालभडक सिग्नल. मथळा: 'डोळा लागला'. एकाचा लागला आणि दुसऱ्याचा उघडा आहे म्हणून गाडी उभी! रोज त्या गाडीनं जाणाऱ्याला हा फोटो समजावून सांगावा लागत नाही. शब्द वाक्प्रचारात राहतो, कोशात फक्त त्याचा पत्ता मिळतो, हे इथं मला कळलं. कळलं, आणि पुढच्या दहा मिनिटांत मी ते विसरलो.

कारण त्यानंतरचा फोटो मोबाइलवर काढलेला होता. जरा हललेलाही. हमरापूरची गणपतीची कार्यशाळा. फळ्यांवर ओळीनं पांढऱ्याफटक मूर्ती, सोंड आहे, कान आहेत, मोदक आहे, डोळे कुणालाच नाहीत. कोपऱ्यात आपल्याकडे पाठ करून बसलेली एक बाई, चष्म्याची दोरी मानेवर, हातातला कुंचला अधांतरी. पाठवणारी अकरावीतली मुलगी. मथळ्याच्या जागी लिहिलेलं, 'अजून नाही'.

मला वाटलं, मथळाच अजून ठरलेला नाही. फॉर्म अपुरा भरलाय. शिवाय नियमात स्पष्ट होतं, की दिलेला शब्द चित्रात दिसला पाहिजे. मी फोटो वर-खाली करून पाहिला. एकही डोळा नाही. दहापैकी तीन. पुढचा!

ऑगस्टमध्ये मेहुण्यांबरोबर त्यांची मूर्ती ठरवायला हमरापूरला गेलो. आत शिरलो आणि मेहुणे बोलता बोलता आवाज खाली आणून बोलू लागले. मीही. समोर दोनशेएक मूर्ती, एकीलाही डोळे नाहीत, म्हणजे बघत कोणीच नाही. तरी आमचं आपलं कुजबुजणं चाललेलं. मग शेवटच्या फळीपाशी आखणी करणाऱ्या मावशी दिसल्या. त्याच की दुसऱ्या, ते सांगता येणार नाही. फोटोत पाठच होती.

"मावशी, डोळा काढताना हात कापत नाही?" मी विचारलं.

"पहिल्याला काय नाही वाटत," त्या मान वर न करता म्हणाल्या. "दुसरा काढताना श्वास धरावा लागतो. तो पहिल्याशी जुळला पाहिजे ना. आणि लईच जुळला तरी मूर्ती मेल्यासारखी दिसते."

मी गप्प उभा राहिलो. हे तर माझं काउंटरवरचं काम. नमुना सही आणि चेकवरची सही जुळली पाहिजे. पण अगदी रेघेला रेघ जुळली, की आम्हांला पहिला संशय येतो, कोणी गिरवली तर नाही? वीस वर्षं मी हे करतो आहे. आणि ज्या फोटोत हे सगळं होतं त्याला, शब्द तंतोतंत जुळत नाही म्हणून मी तीन गुण दिले होते. पिंगळ्याचे डोळे विसरायला मला आठवडा पुरला. न काढलेले डोळे त्या मुलीनं मला दाखवले होते आणि मी तिच्या फॉर्मवरची मोकळी जागा बघत बसलो होतो.

आयोजकांना फोन केला. ते हसले. "साहेब, निकाल लागून महिना झाला. सर्टिफिकिटं लॅमिनेट करून वाटलीसुद्धा!"

हल्ली चेकवर खाडाखोड चालत नाही. चेक स्वतः कुठं जातच नाही, त्याचा फोटो पुढं जातो आणि फोटोत खाडाखोड लगेच उठून दिसते. पूर्वी मात्र रीत होती, आकडा बदलला तर शेजारी पूर्ण सही करायची. माझ्याकडच्या गुणपत्रिकेच्या प्रतीवर मी तिनावर रेघ मारली, नऊ लिहिले आणि पूर्ण सही केली. कागद कपाटात ठेवला आहे. खालची बेरीज आता जुळत नाही.