पर्जन्यछायेतलं गाणं

जुलैत कधी चिंचवडहून लोणावळा लोकल पकडा. आपल्याकडे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस. तासाभराने उतरता तिथे ४००० च्या पुढे. घाट ढगाला वर ढकलतो, ढग तिथेच रिकामा होतो आणि आपण राहतो पर्जन्यछायेत. माझ्या पीएच.डी.चा विषय हाच. म्हणून 'जैत रे जैत'ची (१९७७) गाणी ऐकताना मी अडखळते.

वाटेत तळेगाव लागतं ना, तिथल्या गो. नी. दांडेकरांची मूळ कादंबरी. गोष्ट कर्नाळ्याकडच्या ठाकरांची, म्हणजे घाटाखालच्या धो धो पावसातली. गाणी मात्र ना. धों. महानोरांची, आणि त्यांचं पळसखेड अजिंठ्याच्या डोंगरांजवळ, कोरडवाहू शेतीच्या मुलखात.

आता 'नभ उतरू आलं' ऐका. कर्नाळ्यात ढग पावसाळाभर सुळक्यावर बसलेला असतो, त्याचं कोणाला अप्रूप? या गाण्यात मात्र ढग खाली येणं म्हणजे अंगावर शहारा. ही नजर ठाकराची नाही, वाट बघणाऱ्या शेतकऱ्याची आहे.

मग गाणं खोटं का? मला बरेच दिवस तसं वाटायचं. पण हृदयनाथ मंगेशकरांनी ओळींचे आखूड तुकडे तालावर तसेच ठेवलेत, आणि आशाबाईंच्या आवाजात ओल आहे, ऐसपैस पाऊस नाही. ढोलावरच्या समूहगीतांत कर्नाळा उभा राहतो. इथे मला पळसखेडच ऐकू येतं. चित्रपटाच्या हिशेबात ही चूक धरा हवं तर. मला हेच गाणं सगळ्यांत खरं वाटतं.

पडदा बघू नका, नुसतं ऐका. जूनअखेर, पाऊस लांबलेला असताना ऐकलंत तर आणखी बरं.