१८८४ चा गिरणीकामगारांचा अर्ज : कारणांची चिकित्सा

मुंबईच्या गिरणीकामगारांच्या चळवळीचें मूळ मँचेस्टरच्या व्यापारी मत्सरांत होतें, असें मत वारंवार मांडलें जातें. त्यास आधार नाहीं असें नाहीं. १८८१ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टामागें लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा दाब होताच. परंतु तो कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. प्रौढ कामगारांच्या १८८४ च्या अर्जाचा उलगडा त्यानें होत नाहीं.

अर्जाचें अंतःप्रमाण पाहावें. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं सप्टेंबर १८८४ मध्यें सभा भरविल्या. अर्जावर सुमारें ५,५०० सह्या झाल्या. मागण्या पांच : रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, सकाळीं साडेसहा ते सूर्यास्त एवढेंच काम, मागील महिन्याचा पगार १५ तारखेच्या आंत, आणि जखमी कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार व अपंगत्व आल्यास निर्वाहाची तजवीज. पहिल्या तिहींनीं मँचेस्टरचा लाभ झाला असता. परंतु पगाराची तारीख व जखमीचा निर्वाह यांत परक्या व्यापाऱ्याचा स्वार्थ कोणता? हीं कलमें भोगणाऱ्यासच सुचावयाचीं.

इंग्लंडांत १८३२ च्या सुधारणेनें मध्यम वर्गास मत मिळून मजूर वगळला गेला. १८३४ च्या दरिद्रविषयक कायद्यानें तो अधिक दुखावला. म्हणून १८३८ च्या सनदेंत मताधिकार अग्रस्थानीं आला. मुंबईच्या मजुरापुढें असा हुकलेला हक्क नव्हता. त्यानें मत न मागतां रविवार मागितला. मात्र सरकारपुढें समूहानें उभें राहण्याचें वळण १८७३ च्या सत्यशोधक समाजानें व ‘दीनबंधु’ पत्रानें लाविलें, हें कारण विसरतां येत नाहीं.

या चळवळीची उणीवही सांगितली पाहिजे. लोखंडे यांच्या संस्थेस सभासदांची नोंद, निधि वा नियमावली नव्हती. तरीहि १० जून १८९० रोजीं मालकांनीं साप्ताहिक सुटी मान्य केली.

औसा त्या काळीं निजामाच्या राज्यांत असल्यामुळें ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा येथें चालत नव्हता. म्हणूनच या बाजूच्या सरकी-कारखान्यांचे हजेरीपट व पगारवह्या हातीं आल्यास, जेथें मँचेस्टरचा कायदा पोंचला नाहीं तेथें मजुराची तक्रार कोणती होती, हें पडताळतां येईल. औशाचा किल्ला व खरोशाचीं लेणीं यांच्या अभ्यासकांनीं सनदांइतक्याच आस्थेनें असे कागदहि राखावे.