व्रतस्थ स्वर : के. बी. सुंदरांबाळ यांच्या नाट्यकलेचे मूल्यमापन

नटीचे चरित्र जितके करुण, तितकी तिच्या कलेची चिकित्सा दुष्कर होते. रसिकांच्या अनुकंपेने समीक्षेचे आसन बळकावले, की गौरव होतो. मूल्यमापन मात्र राहून जाते. तमिळ रंगभूमीवरील थोर गायिका-नटी के. बी. सुंदरांबाळ (१९०८–१९८०) यांच्या वाट्याला असाच गौरव आला.

कोडुमुडी येथील दरिद्री घरात जन्मलेल्या सुंदरांबाळ बालपणीच नाटक मंडळीत आल्या. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा उंच, निर्भेळ स्वर हेच नटाचे भांडवल होते. सिलोनच्या दौऱ्यात एस. जी. किट्टप्पा या तशाच तेजस्वी गायक-नटाशी त्यांची जोडी जमली. ‘वळ्ळी तिरुमणम्’सारख्या नाटकांतून या जोडीने तमिळ रसिकांना वेड लावले. पुढे विवाह झाला, दुरावाही आला. आणि १९३३ मध्ये अवघ्या सत्तावीस वर्षांचे किट्टप्पा निवर्तले. पंचविशीतील सुंदरांबाळ यांनी शुभ्र वस्त्र धारण केले आणि परपुरुषासमवेत नायिका म्हणून उभे न राहण्याचे व्रत घेतले.

या व्रताचा पहिला कलात्मक परिणाम म्हणजे १९३५ चा ‘नंदनार’ हा चित्रपट. त्यात त्यांनी अस्पृश्य शिवभक्ताची, म्हणजे पुरुषाचीच, भूमिका केली. अठराव्या शतकातील आयरिश नटी पेग वॉफिंग्टन हिने १७४० मध्ये लंडनच्या रंगभूमीवर सर हॅरी वाइल्डेअर हा छैलछबिला रंगविला, तेव्हा पुरुषवेषाने स्त्रीदेह अधिकच दृष्टीत भरत असे. बालगंधर्वांनी पुरुषदेहातून स्त्रीलावण्याचा आदर्श उभा केला. सुंदरांबाळ यांच्या वेषांतराचा हेतू या दोहोंहून निराळा होता : देह जणू पुसून टाकावा आणि केवळ आर्त स्वर उरावा.

मद्रासच्या जेमिनी संस्थेने १९५३ मध्ये प्रदर्शित केलेल्या ‘औवैयार’मध्ये ही प्रक्रिया पूर्णत्वास गेली. तारुण्य त्यागून वार्धक्य मागून घेणारी ती संतकवयित्री आणि तिची भूमिका करणारी नटी यांत प्रेक्षकांना अंतर उरले नाही. १९५१ मध्येच त्या मद्रास विधान परिषदेच्या सदस्य झाल्या होत्या. ज्या समाजात नटीकडे संशयाने पाहिले जाई, त्याच समाजाने तिला पूज्य मानले.

परंतु या पूज्यतेचे मोल कलेने चुकविले. ‘पूम्पुहार’ (१९६४) मधील जैन साध्वी काय किंवा ‘तिरुविळैयाडल’ (१९६५) मधील पुन्हा औवै काय, भूमिकांचे वर्तुळ संन्यासिनीपुरते आकुंचित झाले. शिवाय चित्रपटांतून पाहावयास मिळते ती व्रतानंतरची सुंदरांबाळ. रानातल्या वळ्ळीचा अवखळपणा, तिचा शृंगार, किट्टप्पांच्या तानेला तिने दिलेले तत्क्षण उत्तर, हे सारे रंगमंचाबरोबर विरून गेले. ध्वनिमुद्रिकांतून त्याचा केवळ पुसट माग लागतो.

म्हणून त्यांचे वैराग्य हीच त्यांची कला, हा रूढ समज एकांगी ठरतो. वैराग्याने त्यांना अधिकार दिला. सामर्थ्य दिले नाही. ते सामर्थ्य वळ्ळीच्या काळीच सिद्ध झाले होते. औवैच्या भजनात जी धार जाणवते, ती शृंगार गाऊन आलेल्या कंठाची धार आहे. शुभ्र वस्त्राला वंदन करताना समीक्षेने त्यामागील रंग विसरणे हा त्या नटीवर दुसऱ्यांदा लादलेला वनवास होय.