फाटलेला आवाज हवा असेल तर

आपल्यापैकी बहुतेकांनी व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर पहिल्यांदा ऐकला तो गणपतीच्या मांडवात किंवा गावच्या जत्रेत. पत्र्याची पेटी, समोर चार-पाच खुंट्या आणि बांबूला बांधलेले कर्णे. त्या पेटीचं काम एकच होतं: 'निळा सदरा घातलेला पाच वर्षांचा मुलगा हरवला आहे' हे वाक्य मैदानाच्या टोकापर्यंत समजेल असं पोचवणं. आवाज फाटला तर स्पीकरवाल्याला शिव्या बसत.

आज त्याच पेट्या गिटारवाले शोधत असतात, आणि त्यांना त्यातून नेमका फाटलेला आवाज हवा असतो. कुवेतमध्ये अशा दोन रूपांतरित पेट्या मला शेजारी शेजारी ऐकायला मिळाल्या. दोन्ही अल-राईच्या सूक अल-जुमामधून, म्हणजे आपल्या शुक्रवारच्या बाजारातून, आणल्या होत्या. दोन्हीवर एकाच मित्राने फाहाहीलच्या आपल्या फ्लॅटमध्ये काम केलं. एक रूपांतर मला फसलेलं वाटलं, दुसरं जमलेलं. का, ते सांगतो.

आधी थोडा इतिहास, कारण 'गिटारचा अॅम्प वेगळा आणि भाषणाचा वेगळा' ही समजूत फारशी खरी नाही. लंडनच्या हॅनवेल भागातल्या जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ साली जो जेटीएम४५ तयार झाला, तो फेंडर कंपनीच्या बासमनवर बेतलेला होता, आणि बासमन मुळात बास गिटारसाठी होता. म्हणजे रॉकचा सगळ्यात प्रसिद्ध आवाज हेच एक रूपांतर. त्याआधी १९५८ मध्ये लिंक रे याने 'रंबल'साठी स्पीकरच्या कागदाला भोकं पाडली. १९६४ मध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने एल्पिको नावाच्या छोट्या अॅम्पच्या स्पीकरला पात्याने चिरा दिल्या. यंत्र बनवणाऱ्याने ज्याला दोष म्हटलं असतं, ते वाजवणाऱ्याने गुण म्हणून उचललं. त्यामुळे प्रश्न 'रूपांतर करावं का' हा नाहीच. प्रश्न आहे, जुन्याचं काय ठेवलं आणि काय टाकलं.

पहिल्या पेटीत मित्राने जवळजवळ काहीच ठेवलं नाही. चासी, ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्हची सॉकेटं सोडून सगळं उपटून काढलं आणि आत मार्शलच्या धर्तीचं सर्किट बसवलं. सोल्डरिंग देखणं आहे. वाजवल्यावर मात्र तुम्ही पहिल्या मिनिटातच तुलना करू लागता, आणि त्या तुलनेत ही पेटी हरते. तिचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर माणसाच्या बोलण्यासाठी गुंडाळलेला होता. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते. तिथे जोरात वाजवलं की खालचा भाग ढिला पडतो. थोडक्यात, मूळ पेटी गेली आणि मार्शलही हाती आला नाही.

दुसऱ्या पेटीत त्याने आधी तिचं म्हणणं ऐकून घेतलं. माइकचा संदेश काही मिलिव्होल्टचा असतो, तर गिटारचा पिकअप सहज शेकडो मिलिव्होल्ट देतो. जुन्या पेट्यांत माइकच्या पहिल्या व्हॉल्व्हला पाच-दहा मेगओहमच्या रेझिस्टरवर तरंगत ठेवलेलं असतं. हळू आवाजाला ते चालतं. पण गिटारचा जोरकस फटका आला की आतला कपॅसिटर भरून बसतो, व्हॉल्व्ह क्षणभर गप्प होतो आणि सूर घशात अडकल्यासारखा येतो. मित्राने एका इनपुटपुरतं ते बदललं: ग्रिडला एक मेगओहम, कॅथोडला दीड किलोओहम आणि सोबत २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. भाषणासाठी मुद्दाम छाटलेला खर्ज थोडा परत यावा म्हणून पुढचा एक कपॅसिटर मोठा केला. निगेटिव्ह फीडबॅक कमी-जास्त करायला एक बटण बसवलं. बास आणि ट्रेबलच्या खुंट्यांना आणि 'माइक २'ला हातही लावला नाही.

या पेटीचा आवाज कुणासारखाच नाही. गिटारच्या नेहमीच्या अॅम्पमध्ये टोनचं सर्किट मधले सूर खाली दाबतं. इथे ते तसेच राहतात, त्यामुळे गिटार गायकाच्या पट्टीत येऊन बसते. तारा एकेक छेडत भावगीताची चाल वाजवली, तर हार्मोनियमच्या शेजारी शोभेल असा भरीव, जवळचा आवाज येतो. दोषही आहेत. फीडबॅक पूर्ण असताना ती बराच वेळ स्वच्छ राहते आणि मग एकदम कर्कश फाटते. बटण दाबून फीडबॅक कमी केला, की ते फाटणं हळूहळू, बोटांच्या जोरानुसार येतं. ट्रेबल अर्ध्याच्या पुढे नेला की सुसकारा ऐकू येतो. पन्नास हर्ट्झची पुसट गुणगुणही आहे. पण हे दोष तिचे स्वतःचे आहेत.

रूपांतराचं हे शास्त्र मराठी वाचकाला नवं नाही. पु. लं.नी शॉच्या 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' केली तेव्हा लंडनची फुलवाली मुंबईची झाली, आणि तिची बोली आपल्या मातीतली झाली. मूळ नाटकाचा सांगाडा त्यांनी मोडला नाही. पहिली पेटी हे नुसतं दुसऱ्याचे संवाद चिकटवणं आहे. दुसरी हे रूपांतर आहे.

आता तुम्ही स्वतः हात घालणार असाल, तर सौंदर्यशास्त्राआधी जिवाचं बोलतो. या पेट्यांत साडेतीनशे ते साडेचारशे व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकून राहतात. कुवेतमध्ये घरात २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज येते. ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी बनलेली अमेरिकन पेटी नुसती स्टेप-डाउनवर लावली, तरी तिचा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो. दोन पिनांची जुनी वायर काढून तीन पिनांची लावा आणि चासीला अर्थिंग द्या. विजेच्या एका वायरीतून थेट चासीला जोडलेला जुना कपॅसिटर असेल तर तो आधी काढा. तो शॉर्ट झाला तर तारांना लागलेल्या तुमच्या बोटांत करंट येऊ शकतो.

उन्हाचाही विचार करा. इथल्या मित्रिबाला २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश नोंदले गेले. अशा देशात पत्र्याच्या शेडखाली अनेक उन्हाळे काढलेल्या पेटीतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून वाळलेले असणार, हे धरूनच चाला. सगळे बदला. स्पीकर जोडताना १०० व्होल्ट लाइनचं टोक टाळा. तीस वॉटच्या पेटीला त्या टोकावर सुमारे ३३३ ओहम अपेक्षित असतात. तिथे आठ ओहमचा स्पीकर लावलात तर व्हॉल्व्हवर भलताच ताण येतो. आठ किंवा सोळा ओहमचं टोक शोधा. आणि कर्णा नको, बारा इंची गिटार स्पीकर घ्या. तो पाच किलोहर्ट्झच्या वरचं फारसं वाजवत नाही, म्हणूनच फाटलेला आवाज कानाला सहन होतो.

एवढा जीव एका जुन्या पेटीसाठी का टाकायचा? इथे आपण कितीही वर्षं राहिलो तरी एक दिवस सामान बांधायचं असतं. जे विमानात मावत नाही ते शुक्रवारच्या बाजारात जातं. या पेट्यांवर कोणी घोषणा केल्या, कोणत्या हॉलमध्ये, कोणत्या भाषेत, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. उरतात त्या खुंट्यांखालच्या झिजलेल्या खुणा. 'माइक १'ची खुण पार पुसलेली, 'फोनो'ची कोरी करकरीत. कोणीतरी खूप बोललं आणि रेकॉर्ड कधी लावली नाही, एवढंच त्यावरून कळतं. पहिल्या पेटीचं पॅनल मित्राने घासून नवं रंगवलं, तेव्हा तेवढंही गेलं.

गेल्या वर्षी त्याच्या घरच्या गणपतीला दुसरी पेटी कोपऱ्यात होती. शेजाऱ्यांच्या भिंतीला मान देऊन आवाज अगदी बारीक. एका सॉकेटला मुलाची गिटार, 'माइक २'ला आजींच्या हातातला माइक. आरती स्वच्छ ऐकू आली, एक शब्द फाटला नाही. मग मुलाने त्याची खुंटी वर नेली आणि बटण दाबलं, तशी गिटार फाटली.

माझं मत विचाराल तर ते तिथेच ठरलं. पेटी घ्याच, पण तिला एकतरी माइक ठेवा.