प्रदर्शन, समारोह आणि प्रेक्षक : भोपाळमधील युद्धोत्तर कलेच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

चित्रप्रदर्शन भरले की त्याच्या जोडीला उद्घाटन, व्याख्यान, चर्चासत्र, काव्यवाचन, प्रात्यक्षिक असे कार्यक्रम होतात. वृत्तपत्रे त्यांची बातमी देतात. परंतु त्यांचे मूल्यमापन सहसा होत नाही. चित्रांची समीक्षा होते, कार्यक्रमांची होत नाही. वास्तविक सामान्य प्रेक्षकाचा, विशेषतः महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा, आधुनिक चित्राशी पहिला परिचय पुष्कळदा अशा कार्यक्रमातूनच होतो. म्हणून कार्यक्रम प्रेक्षकाला पाहायला शिकवतो की त्याच्या पाहण्याचीच जागा घेतो, हा प्रश्न शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. भोपाळ शहराच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा येथे विचार केला आहे.

युद्धोत्तर चित्रकला आणि तिचा प्रेक्षक

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कलेसमोर नवा प्रेक्षक घडविण्याची गरज सर्वत्र उभी राहिली. जर्मनीत कासेल येथे १९५५ साली अर्नोल्ड बोडे यांनी ‘डॉक्युमेंटा’ हे प्रदर्शन भरविले. नाझी राजवटीने निषिद्ध ठरविलेली आधुनिक कला लोकांपुढे पुन्हा आणणे हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या संग्रहालयाच्या इमारतीतच हे प्रदर्शन भरले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

भारतात युद्धसमाप्ती आणि स्वातंत्र्य या दोन घटना दोन वर्षांच्या अंतराने घडल्या. १९४७ साली मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाक्रे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईत आलेले लँगहॅमर, लायडन आणि श्लेसिंजर यांचा या तरुणांना मोठा आधार मिळाला. १९४९ साली मुल्कराज आनंद यांच्या हस्ते या गटाच्या प्रदर्शनाचे उद्घाटन झाले. पुढे १९६३ साली दिल्लीत ‘ग्रुप १८९०’चे प्रदर्शन भरले, त्याचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले आणि प्रस्तावना मेक्सिकोचे कवी ऑक्टाव्हियो पाझ यांनी लिहिली. तात्पर्य, आपल्याकडे नवे चित्र लेखकाचा किंवा नेत्याचा हात धरून लोकांसमोर आले. ज्या भाषेत हे शब्द आले ती बहुतेक वेळा इंग्रजी होती.

भारत भवन : वास्तूची भूमिका

ग्रुप १८९० चे एक प्रवर्तक जगदीश स्वामीनाथन हेच पुढे भोपाळच्या भारत भवनातील ‘रूपंकर’ या कलासंग्रहालयाचे पहिले संचालक झाले. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते भारत भवनाचे उद्घाटन झाले. या संस्थेच्या उभारणीत कवी आणि प्रशासक अशोक वाजपेयी यांचा वाटा सर्वांत मोठा होता. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी मोठ्या तलावाच्या काठच्या उतारावर ही वास्तू बांधली. तिला भव्य दर्शनी भाग नाही. अभ्यागत वरून प्रवेश करतो आणि गच्च्या व खोलगट अंगणे ओलांडत तलावाच्या दिशेने उतरत जातो. संध्याकाळी फिरायला आलेला माणूस सहज प्रदर्शनाच्या दारापर्यंत पोचावा, अशी ही रचना आहे. कोणताही समारोह होण्यापूर्वीच वास्तूने प्रेक्षकाला दिलेले हे आमंत्रण होय.

शब्दांचा समारोह

रूपंकरच्या जोडीला कवितेसाठी ‘वागर्थ’, संगीतासाठी ‘अनहद’ आणि नाटकासाठी ब. व. कारंत यांच्या नेतृत्वाखाली ‘रंगमंडल’ असे विभाग सुरू झाले. १९८६ पासून समकालीन भारतीय कलेचे द्वैवार्षिक प्रदर्शन आणि १९८९ साली मुद्राचित्रांचे आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक प्रदर्शन भरले. त्याच वर्षी जागतिक कवितेचा समारोहही झाला. चित्रकार, कवी, गायक आणि नट एका आवारात वावरले, ही फार मोठी गोष्ट होती. दिल्ली-मुंबईबाहेरच्या शहराला ती क्वचितच लाभते.

परंतु या यशाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. कवी जेव्हा चित्रावर बोलतो तेव्हा श्रोता कवीकडे पाहतो, चित्राकडे त्याची पाठ असते. ‘बिंदू’, ‘अवकाश’, ‘मौन’ हे शब्द तो घरी घेऊन जातो. पण रझांच्या काळ्या वर्तुळाभोवती रंगांची उष्णता कशी वाढत जाते, हे त्याने स्वतः पाहिलेले नसते. शब्द तयार मिळाले की डोळ्यांना काम उरत नाही. अशा व्याख्यानाला यशस्वी म्हणावे काय?

हातांचा समारोह

याच भारत भवनात दुसऱ्या प्रकारचे उदाहरणही आढळते. स्वामीनाथन यांनी तरुण कलावंतांना मध्य प्रदेशातील खेड्यापाड्यांत पाठविले. पाटनगढ येथील जनगढसिंह श्याम हा गोंड तरुण त्यातूनच भोपाळला आला. झाबुआ भागातील भूरीबाई या भिल्ल स्त्रीने तर भारत भवनाच्या बांधकामावरच मजुरी केली होती. तिथेच स्वामीनाथन यांनी तिला चित्रे काढण्यास सांगितले. २०२१ साली तिला पद्मश्री मिळाली.

येथे चित्र काढणे हाच सार्वजनिक कार्यक्रम होता. भिंतीवरची रेषा कागदावर उतरताना प्रेक्षकाला पाहता येत होती आणि कलावंताला त्याच्या नावाने ओळखता येत होते. मानववंशशास्त्रीय संग्रहालयांत अशा वस्तूंखाली सामान्यतः जमातीचे नाव असे. येथे व्यक्तीचे नाव आले. शहरी आधुनिक चित्र आणि आदिवासी चित्र एकाच छपराखाली, समकालीन म्हणून मांडले गेले. १९८९ साली जनगढ यांची चित्रे पॅरिसच्या प्रदर्शनात पोचली.

तरीही शब्दांची मालकी मात्र बदलली नाही. रूपंकरच्या आदिवासी संग्रहावरील ‘द परसीव्हिंग फिंगर्स’ हे १९८७ चे महत्त्वाचे पुस्तक स्वामीनाथन यांचे आहे आणि ते इंग्रजीत आहे. ज्यांच्या बोटांविषयी ते आहे, त्यांना ते वाचता येण्याजोगे नव्हते. जनगढ यांचा २००१ साली जपानमधील एका संग्रहालयात काम करीत असताना, घरापासून दूर, अकाली अंत झाला. कलावंताला व्यासपीठावर आणणे आणि त्याच्या आयुष्याची काळजी वाहणे यांतील अंतर त्या घटनेने दाखवून दिले.

स्मृतीचा समारोह

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मरण पावली. त्यानंतर याच शहरात भरलेल्या मोठ्या सांस्कृतिक समारोहांवर टीका झाली. समारोह बंद ठेवल्याने मृतांना न्याय मिळत नाही, हे खरे. पण शेजारच्या वस्तीतील शोक आवारात येणारच नसेल, तर ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ काय, हा आक्षेपही खोटा नव्हता.

कारखान्यासमोर मूल कवटाळलेल्या आईचे एक शिल्प आहे. ते डच शिल्पकार रूथ वॉटरमन यांनी केले. त्यांचे आईवडील ज्यूंच्या संहारातून वाचलेले होते. शिल्पाच्या लेखात भोपाळबरोबर हिरोशिमाचेही नाव आहे. युद्धोत्तर कला या संज्ञेला याहून थेट उदाहरण शहरात शोधूनही सापडणार नाही. या शिल्पाला तिकीट नाही, व्याख्यान नाही. दरवर्षी स्मृतिदिनी वाचलेली माणसे त्याच्यापुढे जमतात आणि आपल्या मागण्या स्वतःच्या तोंडाने मांडतात. शिल्पाचे कलामूल्य काहींना साधारण वाटेल; परंतु त्याच्या प्रेक्षकाला अर्थ सांगण्यासाठी मध्यस्थ लागत नाही.

समारोप

भोपाळच्या या तीन उदाहरणांवरून असे म्हणता येईल की, प्रदर्शनासोबतच्या कार्यक्रमाची कसोटी वक्त्याच्या योग्यतेवर किंवा गर्दीवर ठरत नाही. कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षक पुन्हा चित्राकडे वळतो काय, आणि ज्याचे चित्र आहे त्याला बोलायला मिळते काय, हे दोन प्रश्न विचारावे लागतात. भारत भवनाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर वास्तूतून आणि चित्रशाळेतून दिले. दुसऱ्याचे अर्धेच दिले. विद्यार्थ्यांना प्रदर्शनाला नेणाऱ्या शिक्षकाने हा क्रम उलटा करून पाहावा. आधी चित्रापुढे दहा मिनिटे शांत उभे राहू द्यावे, काय दिसले ते त्यांच्या भाषेत लिहू द्यावे, आणि मग व्याख्यानाला बसवावे. असे विद्यार्थी वक्त्याला प्रश्न विचारतील. ते प्रश्न कच्चे असतील, पण पाहून आलेले असतील.