टिंग्याचा बैल, आमचा बैल

२००८ साली मंगेश हाडवळेंचा 'टिंग्या' आला, तेव्हा आण्णांना घेऊन नाशिकला गेलो. जुन्नरकडचं शेतकऱ्याचं घर. चितंग्या बैल जायबंदी होतो, बटाट्याची लावण खोळंबते, बाप बैल खाटकाला द्यायला निघतो. आजारी रशिदासाठी सगळे धडपडतात, मग चितंग्यासाठी का नाही, हा पोराचा सवाल.

शरद गोयेकर ह्या पोराला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मिळायलाच हवा होता. अभिनय करतोय असं वाटतच नाही. निसर्ग मात्र जरा जास्तच देखणा टिपलाय. कर्जात बुडालेल्याला डोंगर एवढा हिरवा दिसत नाही.

आमचा पवळ्या आण्णांनी घोटीच्या बाजारात विकला, तेव्हा मी टिंग्याएवढाच होतो. बैलाचा पाय अधू, आवणी तोंडावर आलेली. आण्णांविषयी मनात कैक वर्षं अढी राहिली. सिनेमाभर मी टिंग्याच्या बाजूनं रडलो.

परतताना एसटीत आण्णा एवढंच बोलले, "पोरगं बापाशी भांडलं तरी. बापानं कुणाशी भांडावं?"

बाप वाईट नाही, पोरगंही चुकीचं नाही, हे सिनेमानं नीट दाखवलंय. मला एकच बाजू दिसली होती.